घरांतील ओतशाळा

शिशाला आपल्या पूर्वजांनीं ‘नाग’ असें एक नांव दिलें आहे. अमरकोशांत तें सांपडतें, आणि शिशाच्या भस्माला वैद्य आजहि नागभस्मच म्हणतात. नांवाच्या व्युत्पत्तीचा वाद येथें नको. परंतु ज्या धातूचा स्वभाव मऊ आणि दंश सावकाश भिनणारा, त्यास तें शोभून दिसतें यांत संशय नाहीं. याच धातूची एक परदेशची हकीकत आज सांगावयाची आहे. ती रणांगणावर न घडतां एका संभावित गृहस्थाच्या घरीं घडली, आणि तींत राबलेले हात बायकांचे व मुलांचे होते.

न्यूयॉर्क शहरांत १७७० सालीं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा उभारण्यांत आला. जोसेफ विल्टन या शिल्पकारानें तो शिशाचा घडविला होता व वर सोन्याचा मुलामा दिला होता. ९ जुलै १७७६ रोजीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्या शहरीं वॉशिंग्टनच्या सैन्यापुढें वाचला गेला, आणि त्याच संध्याकाळीं जमावानें पुतळा खालीं ओढला. त्याचे पुष्कळसे तुकडे कनेक्टिकट प्रांतांतील लिचफील्ड गांवीं ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरीं पोंचले. पुढें जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत हे गृहस्थ होते. राजाच्या मूर्तीच्या गोळ्या करून त्या राजाच्याच फौजेवर झाडावयाच्या, असा बेत होता.

वोल्कॉट यांच्या कागदपत्रांत या कामाचा हिशेब राहिला आहे. एकूण काडतुसें ४२,०८८. त्यांपैकीं रूथ मार्विन या बाईंचीं ११,५९२. वोल्कॉट यांची कन्या मेरी ॲन हिचीं १०,७९०. तिची वडील बहीण लॉरा हिचीं ८,३७८. आणि धाकटा भाऊ फ्रेडरिक याचीं ९३६. लॉरा तेव्हां चौदा-पंधरा वर्षांची, मेरी ॲन अकरांची आणि फ्रेडरिक आठ-नऊ वर्षांचा होता. दिवाळीच्या करंज्या कोणीं किती भरल्या हें मोजावें, तितक्या सहजपणें हे आंकडे मांडलेले दिसतात.

आतां या कामाची रीत पाहूं. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. चुलीवरची लोखंडी कढई त्यास पुरते. साचा दिसावयास थेट अडकित्त्यासारखा: दोन दांडे, एक बिजागरी, आणि मिटल्यावर आंत गोल पोकळी. एका वेळीं एकच गोळी देणारा साचा पुष्कळांच्या घरीं असे. परंतु हजारोंच्या गणतीला अनेक घरांचा साचा सोयीचा पडतो, आणि तसले पितळी साचेहि त्या काळीं प्रचारांत होते. पळीनें एकामागून एक घरें भरावयाचीं, रस थिजतांच साचा उघडावयाचा, आणि तोंडाशीं राहिलेलें शेंपूट छाटून पुन्हां कढईंत टाकावयाचें. साचा थंड असला तर गोळीला सुरकुत्या पडतात. तेल राहिलें असलें तरीहि पडतात. दोन्ही अर्धे एकमेकांशीं घांसून बसविलेले असल्यामुळें त्यांची जोडी फोडतां येत नाहीं. सर्वांत मोठें भय पाण्याचें. तप्त रसांत ओलावा गेला कीं वाफ होऊन शिसें चोहोंकडे उडतें. अमेरिकेंतील हौशी मंडळी असले जुने साचे आजहि जपतात. आपल्याकडे मात्र परवान्यावांचून काडतुसें तयार करणें १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें गुन्हा आहे, हें तरुण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

याच धातूनें सरस्वतीचीहि सेवा केली आहे. शिशांत अँटिमनी व कथील मिसळलें म्हणजे छापखान्याचे खिळे होतात. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्कृत ग्रंथ ज्यांनीं हाताळले, त्यांना त्या अक्षरांचें सौष्ठव सांगावयास नको. छापखान्यांनीं ही पद्धत सोडल्यावर अमेरिकेंत टाइपांची पुष्कळ धातु गोळ्या ओतणाऱ्यांनीं विकत घेतली. अक्षर म्हणजे नाश न पावणारें. पण त्याचा देह असा फिरतो!

परंतु खिळे असोत वा गोळ्या, नागाचा दंश दोहोंकडे सारखाच. वोल्कॉटांच्या मुलांस काय बाधलें याची नोंद माझ्या वाचनांत नाहीं. पण त्या काळीं हें ज्ञान अगदींच नव्हतें असें नव्हे. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८६ च्या एका पत्रांत लिहिलें आहे कीं, तरुणपणीं लंडनच्या छापखान्यांत ते ऊन केलेले खिळे हाताळीत, तेव्हां एका वृद्ध कामगारानें त्यांना हात लुळे पडण्याची भीति घातली. उपयुक्त सत्य कळल्यावरहि तें आचरणांत उतरण्यास किती काळ लागतो, असा खेद त्यांनीं शेवटीं व्यक्त केला आहे.

आज आपण अधिक जाणतों. मोठ्या माणसापेक्षां मुलाच्या पोटांत शिसें चौपट-पांचपट शोषलें जातें, आणि निर्भय म्हणावें असें त्याचें कोणतेंहि प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेला ठाऊक नाहीं. त्यानें मुलाची बुद्धि मंदावते आणि गेलेलें परत येत नाहीं. हा दंश धुरापेक्षां धुळीवाटे, हातांवरून तोंडांत जातो.

आपल्या घरीं कोणी गोळ्या ओतीत नाहीं; म्हणून कोणीं निश्चिंत राहूं नये. भारतांत पेट्रोलमधील शिसें २००० सालीं बंद झालें आणि रंगांतील शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आली. पण वाड्याच्या दारांखिडक्यांवरचा जुना तेलरंग तसाच आहे. दिवाळीपूर्वीं तो खरवडतांना लेंकरें व गर्भवती सुना यांना दूर ठेवावें, रंग ओला करून घांसावा, आणि धूळ केरसुणीनें न झाडतां ओल्या फडक्यानें पुसावी. भांड्यांना कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्यावी. जुन्या बॅटरीचें शिसें घरीं कदापि वितळवूं नये. जेवणापूर्वीं हात धुण्याचा आजीचा आग्रह सोंवळ्याचा म्हणून मुलांना जाचत असेल, तर त्यांना हें कारण सांगावें.