आधी बांध, मग अर्क



खाऱ्या जमिनीत पीक ओलीत उभे असूनही तहानलेले राहते, कारण क्षारांमुळे मुळांना पाणी ओढता येत नाही. अशा पिकाला शेवग्याच्या पाल्याचा अर्क आधार देतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. कोवळा पाला थोड्या पाण्यात वाटावा, फडक्याने गाळावा, एका भागास ३० भाग पाणी घालून त्याच दिवशी फवारावा. त्यातील झिएटिन हे वाढीचे द्रव्य पाने लवकर पिवळी पडू देत नाही. परसात शेवगा असताना महागडी बाटली कशाला आणावी?

परंतु अर्काने जमिनीतले मीठ जात नाही. ते पावसाने धुऊन निचऱ्यावाटेच जाते. आपल्या गोव्याच्या खाजणात बांध फुटला किंवा मानशीचे दार मोडले, की भरतीचे पाणी शेतात शिरते. मग खारेपणा सोसणारे कोरगुट भातही मार खाते. फवारणी ज्याची त्याने करावी; बांध मात्र सर्वांचा आहे. शेजाऱ्याचा बांध फुटला, तर आपले शेत कोणता अर्क वाचवील? म्हणून पावसाआधी घरटी एकाने तरी बांधावर यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.