मोठी बोट आणि माहेरच्या उताऱ्यावरची सही

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आपल्या ग्वाल्हेरला समुद्र नाही, तिघऱ्याचं धरण आहे. त्यामुळे "खोल समुद्रातली बोट घ्यावी की नाही" हा प्रश्न इथे कुणाच्या घरात निघत असेल असं वाटत नाही. माझ्या घरात गेले चार महिने तोच चालू आहे. आणि तो नुसता बोटीचा नाही, माहेरच्या घराचा आणि सहीचा आहे. म्हणून इथे लिहिते, कारण कोकणातल्या, देशावरच्या घरांच्या उताऱ्यावर नावं असलेल्या लेकी या ग्रुपवर पुष्कळ असतील.

माझं माहेर हर्णैचं, दापोली तालुक्यातलं. समोर सुवर्णदुर्ग, संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, हे बघत मोठी झाले. लग्न होऊन लष्करात आले तेव्हा ह्यांची ए.जी. ऑफिसात नोकरी. जनकगंजातल्या बायका विचारायच्या, "कोकणातल्या म्हणजे तुमच्या आंब्याच्या बागा असतील नाही?" मी सांगायचे, बागा नाहीत, आमची होडी आहे. पुढे पंजाब मेलने माहेरहून सुकट-बोंबील यायला लागले आणि शेजारणींना आपोआप कळलं.

आता मुद्दा. दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आहे ती बोट विकून खोल समुद्रात जाणारी मोठी बोट घ्यायची म्हणतो. वडील मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे घराच्या उताऱ्यावर आम्हा तिन्ही भावंडांची नावं आहेत. बँकेला तारण हवं, म्हणून आत्याची सही हवी. फोनवर म्हणाला, "अगो आत्या, नुसती सही तर करायची. तुला काय पैसे थोडेच भरायचेत?"

मला हे "नुसती सही" खटकतं. सही नुसती असती तर बँकेने मागितली नसती.

पण आधी त्याची बाजू सांगते, कारण ती खोटी नाही. किनाऱ्याजवळ मासळी कमी झाली आहे हे तिथला लहान पोरही सांगेल. पापलेटला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा केलं, पण मान मिळाला म्हणून तो जाळ्यात वाढला नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे राज्याचं पाणी. तिथे सगळ्यांची गर्दी. पर्ससीनवाल्यांवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये बंधनं घातली, सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरवून दिले. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो आणि लहान बोटवाला सकाळी अर्ध्या टोपल्या घेऊन परततो. भाचा म्हणतो, "इथे राहून भांडत बसण्यापेक्षा पुढे जाऊ. २०० मैलांपर्यंत आपल्याच देशाचं पाणी आहे." यात काय चूक आहे? काहीच नाही.

शिवाय सरकार मदत करतं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या खोल समुद्रातल्या बोटीची किंमत १ कोटी २० लाख धरली आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान. महिला असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीचा लाभार्थी असेल तर ६० टक्के. म्हणून बोट सूनबाईच्या नावावर घ्यायची असं घरात ठरलंय.

हे ऐकून मला आपला मेळा आठवतो. ग्वाल्हेर मेळ्यात ज्या वर्षी रोड टॅक्सला ५० टक्के सूट मिळते, त्या वर्षी आपल्या गल्लीत गाड्या येतात. छोटी घ्यायला गेलेला माणूस मोठी घेऊन येतो, कारण मोठीवर सूट जास्त. सुटीचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, पेट्रोलचा कुणी धरत नाही.

मी वही घेऊन बसले. ए.जी. ऑफिसवाल्याच्या घरात इतकी वर्षं काढली, एवढं तर येतं! ६० टक्के अनुदान पूर्ण मिळालं असं धरलं तरी ४८ लाख आपले. सात वर्षांत फेडायचे तर वर्षाला जवळजवळ ६ लाख ८६ हजार, व्याज सोडून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे कमाईचे महिने दहा. महिन्याला ६८ हजारांच्या वर नुसतं मुद्दल. ४० टक्केच मिळालं तर ७२ लाख आपले आणि महिन्याला १ लाखाच्या वर. यात डिझेल नाही, बर्फ नाही, जाळी नाहीत, तांडेल आणि खलाशांची हंगामाआधी द्यायची उचल नाही, इंजिनाची दुरुस्ती नाही. लहान बोटीचा एक दिवस रिकामा गेला तर एका दिवसाचं डिझेल जातं. मोठी बोट पंधरा-वीस दिवसांनी रिकामी आली तर महिना गेला.

आणि ते दहा महिने तरी पुरे कुठे मिळतात? २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर क्यार आणि लगेच महा, दोन वादळं लागोपाठ आली. ऐन हंगामात बोटी किनाऱ्याला. २०२० च्या ३ जूनला निसर्ग आलं, आमच्या घराची कौलं गेली. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. समुद्र सुट्टी देतो तेव्हा बँक देत नाही.

दुसरी गोष्ट, मोठी बोट ठेवायची कुठे? हर्णैला वारा सुटला की बोटी अंजार्ल्याच्या खाडीत न्यायच्या ही जुनी वहिवाट. खाडीच्या तोंडाशी गाळ, भरतीची वाट बघावी लागते. लहान होडी कशीतरी शिरते. मोठीला दिघी नाहीतर जयगड गाठावं लागेल. शिवाय खोल पाण्यात मिळतो तो कुपा आणि म्हाकूळ. कुप्याला आपल्या बाजारात सुरमईचा भाव नाही. तो परदेशी जातो तेव्हा भाव, आणि त्यासाठी बोटीवरच नीट थंड ठेवायला हवा. म्हणजे नुसती बोट मोठी करून भागत नाही. बंदर, बर्फ, गिऱ्हाईक, सगळंच मोठं लागतं.

कुणी म्हणेल, ग्वाल्हेरच्या बाईला बोटीतलं काय कळतं. तर ऐका, ग्वाल्हेरचा आणि जहाजाचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, आपल्या माधवराव महाराज शिंद्यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचं मोठं जहाज घेतलं. जखमी हिंदी सैनिकांसाठी ते इस्पितळ-जहाज झालं, नाव पडलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी वगैरेंनी ते विकत घेतलं आणि कंपनीचं नावच ठेवलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. पण पुढची ओळ सहसा कुणी सांगत नाही. ते भव्य जहाज १९२३ मध्ये भंगारात गेलं. कंपनी मात्र राहिली, मालवाहू बोटींच्या जोरावर पुढे अनेक वर्षं चालली. जहाज गेलं तरी एका कुणाचं राहतं घर लिलावात निघालं नाही, कारण तोटा भागधारकांत वाटला गेला.

माझं मत इथे येऊन ठरतं. मोठी बोट घ्यावी. पण एका घराने, राहतं घर गहाण टाकून घेऊ नये.

सरकारचीही दिशा आता तीच दिसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत माझगाव डॉकला खोल समुद्रातल्या बोटी दिल्या त्या सहकारी संस्थांना. नोव्हेंबरमध्ये १२ मैलांपलीकडच्या मासेमारीचे नवे नियम आले, त्यातही प्राधान्य सहकारी संस्थांना. आमच्या बाबांनी शिडाच्या होडीला पहिलं इंजिन बसवलं ते संस्थेच्या कर्जावर. हप्ता चुकला तेव्हा संस्थेच्या चेअरमनची बोलणी खाल्ली, पण आईला घर सोडायची भीती कधी वाटली नाही.

म्हणून भाच्याला मी असं कळवलंय. घर तारण असेल तर माझी सही नाही. चार घरं मिळून किंवा संस्थेतून बोट घेणार असाल, तर माझ्या एफडीतले पैसे तुझ्या वाट्यात घालीन, आणि ते बुडाले तर बुडाले, मागणार नाही. त्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या मोठ्या बोटीवर जाऊन ये. डिझेल किती, बर्फ किती, कुपा कुणी कितीला घेतला, हे वहीत लिहून आण. आणि बोट सूनबाईच्या नावावर असेल तर हिशेबाची वहीही तिच्या हातात पाहिजे. कर्ज तिच्या नावावर आणि कारभार तुझा, हे चालणार नाही. उद्या बँकेची नोटीस तिलाच येईल.

दादा रागावलाय. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, लांब राहून नाही म्हणणं सोपं असतं." लागलं मला ते. पण खरं सांगू, लांब राहून हो म्हणणंच जास्त सोपं असतं. सही करायची, गोड बोलायचं, माहेरचं येणं-जाणं चालू ठेवायचं. पाच वर्षांनी घरावर जप्ती आली की "मला काय माहीत" म्हणायचं.

आपल्या बऱ्याच जणींना असे कागद येतात. कधी हक्कसोड, कधी संमतीपत्र. माहेर तुटेल म्हणून आपण न वाचता सही करतो. माझं म्हणणं एवढंच, कागद वाचा, आकडे मागा, आणि नाही म्हणायचं तर त्यासोबत आपल्याला काय देता येईल तेही सांगा. नुसतं नाही म्हणून हात झटकू नका.

भाच्याचा काल मेसेज आला. संस्थेत विचारून बघतो म्हणतोय, तीन घरं तयार आहेत, चौथं शोधतोय. सूनबाईने वेगळा मेसेज केला, फक्त एक ओळ: "आत्या, वही आणली."

तुमच्यापैकी कुणाच्या माहेरी-सासरी भागीत बोट, ट्रक, गिरणी असं काही चाललं असेल तर कसं चाललं, कुठे अडलं, जरूर लिहा. मी ते भाच्याला पाठवणार आहे.