हॉकर सेंटरमध्ये जेवायला कुठे बसावे?



खेड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून सिंगापूरला नोकरी करतो. आता त्याने आई-वडिलांना महिनाभरासाठी बोलावले आहे. मुलगा दोन्ही वेळा 'हॉकर सेंटर'मध्ये जेवतो. विचारले तर म्हणतो, "अम्मी, इथे सगळं मिळतं, काळजी करू नको." या 'सगळं' शब्दाचीच त्यांना काळजी वाटते. त्यांच्या मिस्टरांनी तर तांदळाचे पीठ, सुके बोंबील आणि मसाल्याची बरणी बांधायला घेतली आहे. भगिनी विचारतात, "तिथे आम्ही कुठे बसून जेवावे? आणि मुलगा काय खातो हे त्याला न दुखवता कसे समजून घ्यावे?"

प्रश्न दोन आहेत. पहिल्याचे उत्तर माहितीने देता येते, म्हणून आधी तो घेऊ.

हॉकर म्हणजे फेरीवाला. एकेकाळी सिंगापूरच्या रस्त्यांवर हजारो फेरीवाले चूल मांडून बसत. सरकारने १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या बाजारांत हलवले. तीच ही हॉकर सेंटरे. आज अशी शंभराहून अधिक आहेत. एका छपराखाली लहान लहान गाळे, प्रत्येकाची एखाद-दुसरी खासियत आणि मध्ये सगळ्यांसाठी टेबले. हव्या त्या गाळ्यावरून घ्यायचे आणि जागा मिळेल तिथे बसायचे. चिनी, मलाय, तमिळ सगळे शेजारी शेजारी जेवतात. २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपली अडचणही तिथेच सुरू होते. डाव्या गाळ्यात डुकराचे मांस शिजत असते, उजव्या गाळ्यात बिर्याणीचे झाकण उघडलेले असते. नवख्या माणसाने ओळखावे कसे?

आमची पहिल्या फेरीतली फजिती सांगतो. सोबत अम्मी होत्या आणि मुले भुकेने कावलेली. हॉटेलजवळच्या सेंटरमध्ये शिरलो. समोरच्या गाळ्यावर पाटी होती, 'नो पोर्क, नो लार्ड'. म्हणजे डुकराचे मांस नाही आणि चरबीही नाही. आम्ही खूश झालो आणि चिकन राइसच्या चार ताटांची ऑर्डर दिली. अम्मी मागून म्हणाल्या, "कोंबडी कुणी कापली, ते विचारलंत का?"

नव्हते विचारले. थोडे शरमूनच विचारले. गाळ्यावरच्या वयस्क चिनी गृहस्थांनी अम्मींच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिले आणि हात हलवला, "नॉट हलाल, आंटी." त्यांनी पैसे घेतलेच नाहीत. उलट गाळ्यातून बाहेर आले आणि कोपऱ्यातला मलाय बाईंचा गाळा बोटाने दाखवला. चार ताटांचा धंदा त्यांनी आपल्या हाताने दुसरीकडे पाठवला. आम्ही पाटी वाचून निश्चिंत झालो होतो. चौकशी अम्मींनी करायला लावली आणि खरे सांगितले त्या गृहस्थांनी.

तेव्हापासून आम्ही गाळ्यावरच्या तीन खुणा वेगवेगळ्या वाचायला शिकलो.

पहिली खूण म्हणजे मुईसचे हलाल प्रमाणपत्र. मुईस ही सिंगापूरच्या मुसलमानांच्या धार्मिक बाबी पाहणारी, कायद्याने स्थापन झालेली संस्था. १९६८ पासून ती काम करते आणि १९७८ पासून हलालची तपासणी करते. प्रमाणपत्र त्या-त्या गाळ्याच्या नावाने आणि पत्त्याने दिलेले असते आणि त्यावर मुदत असते. नाव आणि तारीख पाहून घ्यावी. ही खूण खोटी लावणे तिथे गुन्हा आहे. ती असेल तर निर्धास्त बसावे.

दुसरी खूण म्हणजे 'मुस्लिम ओनर' अशी पाटी, किंवा भिंतीवर बिस्मिल्लाहची तसबीर. अनेक छोटे गाळेवाले खर्चामुळे आणि कागदपत्रांच्या व्यापामुळे प्रमाणपत्र घेत नाहीत. अशा गाळ्यामागे संस्थेची तपासणी नसते, मालकाचा शब्द असतो. आपल्या गावातल्या मुसलमान खाटकाकडे आपण प्रमाणपत्र मागतो का? मग इथेही मोकळेपणाने विचारावे. मलाय बायकांना अशा चौकशीचा राग येत नाही. मांस कुठून आणतात तेही त्या सांगतात.

तिसरी खूण म्हणजे तीच, 'नो पोर्क, नो लार्ड'. ही पाटी खोटी नसते, पण ती हलालची ग्वाही नव्हे. कोंबडी जबिहा नसू शकते आणि चिनी स्वयंपाकात चवीसाठी तांदळाची दारू घालण्याची रीत आहे. चिनी शाकाहारी गाळ्यावरही दारूचे तेवढे विचारून घ्यावे.

आता कुठे जावे ते पाहू.

सर्वात आधी गेलांग सराई. पाया लेबार स्टेशनपासून चालत जाता येते. हा मलाय मुसलमानांचा जुना भाग. खाली बाजार आणि वरच्या मजल्यावर जेवणाचे गाळे, त्यांतले बहुतेक मुसलमानांचेच. पहिल्या दिवशी इथेच जा, म्हणजे मनातली धाकधूक जाईल. खालच्या बाजारात हलाल मटण मिळते आणि सुकी मासळीही, तेव्हा बोंबील घरीच राहू द्या. इथे नासी पदांग घ्यावे. भाताभोवती रेंदांग, मासळीची कढी, पालेभाजी, असे समोर मांडलेल्यांतून बोटाने दाखवून घ्यायचे. रमजानमध्ये या भागात मोठा बाजार भरतो.

दुसरे टेक्का सेंटर, लिटल इंडिया स्टेशनला लागून. तमिळ मुसलमानांच्या गाळ्यांवरची बिर्याणी, सकाळचा रोटी पराठा आणि मटण भरलेला मुर्तबाक हे इथले खास. घरची आठवण आली की इथे यावे. मात्र इथे चिनी गाळेही आहेत, तेव्हा खूण पाहूनच रांगेत उभे राहावे. जवळच सेरंगून रोडवर अंगुलिया मशीद आहे. नमाज आणि जेवण एकाच फेरीत होते.

तिसरे अॅडम रोडचे सेंटर. बोटॅनिक गार्डन्स पाहायला गेलात की जवळच आहे. आकाराने लहान, पण नासी लमाकसाठी प्रसिद्ध. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्याला पांदानच्या पानाचा सुगंध, थेट आपल्या आंबेमोहोराची आठवण देणारा. सोबत तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी, अंडे आणि सांबल नावाची लाल चटणी. अम्मींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आपलंच जेवण आहे, फक्त मांडणी निराळी."

चौथे लाउ पा सात. लोखंडी खांबांची, अष्टकोनी, जुनी देखणी इमारत. संध्याकाळी शेजारचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि निखाऱ्यांवर साते भाजायला सुरुवात होते. साते म्हणजे काडीला लावलेले मांसाचे छोटे तुकडे, सोबत शेंगदाण्याची दाट चटणी. इथे मुसलमानांचे गाळे आहेत, पण सगळे नव्हेत. ऑर्डर घ्यायला माणसे रस्त्यातच अडवतात, तेव्हा आधी गाळा पाहावा आणि मग बसावे. पर्यटकांची जागा असल्याने दरही थोडे चढे असतात.

चायनाटाउन आणि मॅक्सवेल इथली सेंटरे नावाजलेली आहेत, पण तिथे चिनी गाळेच जास्त. पाहायला जरूर जा, जेवणाचा बेत मात्र दुसरीकडे ठेवा.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. मलाय मुसलमान आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच शाफई. त्यामुळे कोळंबी, खेकडा, माकूळ त्यांच्या जेवणात सर्रास असते आणि आपल्यालाही त्याचे वावगे नाही. पण आमच्या मराठवाडा-विदर्भातल्या हनफी भावंडांनी ध्यानात ठेवावे, की सांबलमध्ये बहुधा सुक्या कोळंबीचा 'बलाचान' असतो. कोळंबीबाबत तुमच्या घरची रीत काय, त्याप्रमाणे आधीच विचारावे. खूण हलालची असली तरी हा प्रश्न आपला आपण सोडवायचा असतो.

पाटीवरचे थोडे शब्द पाठ करून ठेवा. नासी म्हणजे भात, मी म्हणजे नूडल, आयाम म्हणजे कोंबडी, इकान मासा, कांबिंग बोकड, दागिंग मांस, तेही बहुधा गायी-बैलाचे, सोतोंग माकूळ, तेलूर अंडे, पदास तिखट. बाबी म्हणजे डुक्कर, हा शब्द आधी लक्षात ठेवा. रोटी म्हणजे रोटीच. गुला म्हणजे साखर, आपल्या गुळाच्या नात्यातली. मधुमेह असेल तर 'ते कोसोंग' मागावे, बिनसाखरेचा चहा मिळतो.

रीतीभातीही थोड्या आहेत. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट दिसले तर ती जागा कुणीतरी धरून ठेवली आहे असे समजावे. ते उचलू नये. जेवण झाल्यावर ट्रे आपणच नेऊन ठेवायचा. २०२१ पासून तो टेबलावर सोडून जाणाऱ्याला दंडही होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या मांडण्या हलाल आणि बिगर-हलाल अशा वेगळ्या असतात. आपला ट्रे चुकीच्या मांडणीत ठेवू नका. त्यात आपल्याच भावाच्या भांड्यांचा प्रश्न असतो. रोख पैसे जवळ ठेवा. साधे ताट चार ते सहा डॉलरमध्ये मिळते. मलाय गाळ्यांवरचे चांगले पदार्थ दुपारपर्यंत संपतात आणि कित्येक गाळे सोमवारी बंद असतात.

एकाच टेबलावर शेजारी दुसरे काही खात असेल तर? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. त्या पहिल्या दिवशी मलाय बाईंकडून ताटे घेतली तेव्हा मोकळे टेबल नव्हते. एका चिनी जोडप्यासमोर चार खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही घुटमळलो. त्या बाईंनी आमच्याकडे पाहिले, आपला वाडगा उचलून टेबलाच्या पार टोकाला नेला, आमच्या बाजूचे टेबल कागदाने पुसले आणि हाताने 'बसा' म्हणून खुणावले. अम्मी बसल्या, बिस्मिल्लाह म्हणाल्या आणि जेवू लागल्या. उठताना त्या बाईंच्या हातावर त्यांनी पर्समधली खोबऱ्याची वडी ठेवली. आमचा संकोच त्यानंतर उरला नाही.

आता भगिनींचा दुसरा प्रश्न.

भगिनी, दोन वर्षे मुलगा एकटा राहिला आहे. कदाचित तोही आमच्यासारखा एखाद्या पाटीला फसला असेल, कदाचित नसेल. तो काय खातो हे फोनवर विचारलेत तर त्याला ती उलटतपासणी वाटेल आणि उत्तर पुन्हा 'सगळं मिळतं' असेच येईल. त्यापेक्षा पहिल्या संध्याकाळी त्याला म्हणा, "तू रोज जेवतोस तिथेच आम्हाला घेऊन चल, आणि गाळाही तूच निवड." मग शांतपणे पाहा. तो कुठे थांबतो, काय वाचतो, कुणाला सलाम करतो, हे सगळे तुम्हाला दिसेल. गाळ्यावरची बाई त्याला नावाने हाक मारत असेल तर तुमची निम्मी काळजी तिथेच मिटेल.

आणि तो चुकीच्या गाळ्यापुढे थांबला, तर चारचौघांत बोलू नका. अम्मींनी आम्हाला विचारले तसा एकच साधा प्रश्न विचारा आणि उत्तर त्याचे त्याला शोधू द्या. आम्हाला तो प्रश्न आजही प्रत्येक गाळ्यापुढे आठवतो. रागावल्या असत्या तर फक्त राग आठवला असता.

तांदळाचे पीठ मात्र जरूर न्या. भाकरी हॉकर सेंटरमध्ये मिळत नाही, आणि दोन वर्षांत त्याने ती खाल्ली नसेल.