धुरावरचं मांस आणि आपली दळी



मागच्या शिबिराला नागालँडचा एक साथी आला होता. त्याने पिशवीतून काळं पडलेलं डुकराचं मांस काढलं तेव्हा एक-दोन शहरी पाहुण्यांनी नाक मुरडलं. आपली पोरं मात्र चुलीभोवती जमली.

तिकडे चुलीच्या वर मांस टांगतात, दिवसचे दिवस धुरात ठेवतात. मग ते टिकतं. शिजवताना तेल नाय, फोडणी नाय. पाणी, मांस, मिरची, आंबवलेलं सोयाबीन (त्याला ते आखुनी म्हणतात) आणि वरून मोहरीचा नाहीतर मिळेल तो पाला. आओ नागा लोक अळूचा पाला आंबवून, वाटून त्याच्या वड्या सुकवतात, ती अनिशी. तीपण मांसात घालतात. रस्सा पातळ, भातावर ओतून खायचा. आमची आजी दोन घास खाऊन म्हणाली, "आपला जवळा घातलेला पालाच की हा."

पाला कुठून आणता, विचारलं. म्हणाला, झूमच्या शेतातून, जंगलातून. गार्ड अडवत नाय? त्याला प्रश्नच कळला नाय. तिकडे बहुतेक जमीन गावाची, कुळाची नाहीतर घराची. नागालँड 1963 साली राज्य झालं. घटनेच्या कलम 371 (अ) प्रमाणे जमीन आणि तिच्यातली संपत्ती यांच्या मालकीबद्दल संसदेने केलेला कायदा तिथल्या विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही. म्हणून तिथं सगळं बरं आहे असं नाय. लष्कराला मोकळीक देणारा 1958 चा कायदा त्यांनी किती सोसला, तेही त्याने सांगितलं.

झूम म्हणजे आपली दळीच. उतारावर राब भाजायचा, नाचणी-वरी घ्यायची, जमीन थकली की जागा सोडायची. फरक एवढाच की आपली दळी सरकारी कागदावर मेहेरबानी म्हणून आहे. तिच्यावर साग लावून कुंपण घातलं की नाचणी गेली आणि बांधावरची भाजीही गेली.

पावसाच्या तोंडावर आमच्या वाडीतल्या दोन बायांच्या शेवळांच्या जुड्या एका गार्डाने काढून घेतल्या. काकडं मात्र टोपलीतच राहिली. काकडांशिवाय शेवळं खाल्ली तर घशाचं काय होतं, ते साथींनी समजून घ्यावं.

येत्या बैठकीला प्रत्येक वाडीने आपल्या दळीवर कुठल्या महिन्यात कुठली भाजी मिळते ते लिहून आणावं. अर्जाला जोडायचं आहे. लिहिता येत नसेल तर पाला आणा, लिहायला आम्ही बसतो.