हरळीला थंडी शिकविताना

गणपतीला वाहावयाची दूर्वा आणि शेतकऱ्याला बेजार करणारी हरळी ही एकच वनस्पती होय. अमेरिकेच्या दक्षिण भागात हीच हरळी ‘बर्म्युडा गवत’ या नावाने क्रीडांगणांवर आणि घरापुढील हिरवळीवर मुद्दाम लावतात. तुडविली, कापली, उन्हात होरपळली, तरी ती हटत नाही. तिचा मोठा वैरी म्हणजे थंडी. हवा गारठली की तिची वाढ थांबते व पाती तपकिरी पडतात. कडाक्याच्या हिमात जमिनीतील खोडेही मेली, तर वसंतात मैदान उजाड दिसते. म्हणूनच जनुकांत फेरफार करून गवतांना थंडी सोसावयास शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

हिम वनस्पतीला मारते तरी कसे? बर्फ प्रथम पेशींच्या बाहेर धरतो व आतील पाणी ओढून घेतो. पेशी आक्रसते आणि तिचे नाजूक पटल निकामी होते. काही वनस्पती मात्र सौम्य थंडी काही दिवस अनुभवताच पुढील संकटाची तयारी करतात. शर्करा साठवितात, पटलांची घडण बदलतात. ही तयारी करविणारी एक कळ मिशिगन राज्य विद्यापीठात मायकेल टोमाशो यांच्या गटाला मोहरीच्या कुळातील एका चिमुकल्या रोपात सापडली. १९९७ साली प्रसिद्ध झालेले हे ‘सीबीएफ’ जनुक थंडीशी झुंजणारी इतर अनेक जनुके जागी करते. ते सतत चालू ठेवले, तर पूर्वतयारीवाचूनही रोप हिमात तगते, हे १९९८ साली सिद्ध झाले.

परंतु अखंड पहारा देणाऱ्या रोपाची वाढ खुंटते. यावर १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी तोड काढली : अशाच एका जनुकाला त्यांनी संकटकाळीच जागा होणारा नियंत्रक जोडला. पुढे २००४ साली जपानमध्येच रायग्रास या गवतात गव्हाची शर्करासाखळी जोडणारी जनुके घातली गेली, तेव्हा त्याच्या पेशी गोठण्याला अधिक दाद देईनाशा झाल्या.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. गवताचे पराग वाऱ्यावर जातात. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात तणनाशक सोसणाऱ्या बेंटग्रास गवताची लागवड झाली होती. त्याचे जनुक परागांवाटे २१ किलोमीटरपर्यंत पोहोचल्याचे २००४ साली आढळले. तणनाशक सोसण्याचा गुण जेथे तणनाशक फवारतात तेथेच कामाचा. थंडी सोसण्याचा गुण मात्र रानातील गवतालाही जगण्यास बळ देईल. हरळी मुळात चिवट. आज थंडी जेथे तिला अडविते, तेथेही ती उद्या शेतात शिरली, तर तिला आवरावयाचे कोणी?

सुदैवाने एक वाट उपलब्ध आहे. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी १९६० साली प्रसृत केलेली ‘टिफवे’ ही संकरित हरळी वंध्य आहे. तिला बी धरत नाही. ती खोडांच्या तुकड्यांनीच लावावी लागते. नवे जनुक घालावयाचे, तर ते अशा वाणातच घालणे शहाणपणाचे. हिरवळ बारमाही हिरवी राहावी, ही इच्छा गैर नव्हे. परंतु ती पुरविताना शेजारच्या शेताच्या बांधाचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.