नोटीस आली, पण कोणत्या दारातून?

रोगाची परीक्षा आधी आणि औषधयोजना नंतर, हा क्रम आपणां सर्व वैद्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु कायद्याचा एखादा कागद दवाखान्यात येऊन पडला की नेमका हाच क्रम आपण विसरतो, असे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

आमच्याच तालुक्यातील एका व्यवसायबंधूंना जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली. वकिलाची नेहमीची धमकी समजून त्यांनी ती खणात ठेवली. लेखी उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत. आयोगास ते फार तर आणखी १५ दिवसांनी वाढविता येतात. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आमच्या स्नेह्यांच्या केसपेपरवर लक्षणे, मात्रा, अनुपान, पथ्य यांच्या सर्व नोंदी होत्या. पण मुदतीत उत्तरच नसल्याने त्यांची बाजू मांडली गेली नाही. चूक उपचारात नव्हती. कागद कोणत्या दारातून आला हे ओळखण्यात होती.

रुग्णाच्या एकाच तक्रारीतून तीन दारे उघडू शकतात आणि प्रत्येक दारी विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. ग्राहक आयोग विचारतो : सेवेत कसूर झाली काय आणि भरपाई किती? मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा निर्णय १९९५ चा. २०१९ च्या कायद्याने रुग्णास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगापुढेच चालते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे तेथेच. सर्वांनाच सर्वस्वी विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याबाहेर राहते. तेथे भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात जातो.

फौजदारी न्यायालयाचा प्रश्न निराळा : निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा होता काय? २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार तपासी अधिकाऱ्याने त्याच चिकित्साशाखेतील तज्ज्ञाचे, शक्यतो शासकीय सेवेतील वैद्यकाचे, मत घ्यावयाचे असते. आयुर्वेदीय उपचारावर आयुर्वेदज्ञाचेच मत मागवा, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे. तिसरे दार नोंदणी परिषदेचे. ते न्यायालय नव्हे. ती आपले आचरण तपासते आणि नाव नोंदवहीतून काढू शकते. रुग्णास भरपाई देववू शकत नाही.

दवाखान्याचे अन्य तंटे तुलनेने सरळ. जागेच्या भाडेकराराचा वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात. जेथे ते न्यायालय नाही तेथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे. न वटलेल्या धनादेशाची तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे, आणि तीही मुदतीत नोटीस देऊनच. भागीदारीतील हिशेबाचा वाद पोलीस ठाण्यात नेणाऱ्यांना मनस्तापाखेरीज काही मिळत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आता या विषयातील खरे शल्य. १ जुलै २०२४ पूर्वी निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्याच्या गुन्ह्यास कमाल २ वर्षांचा कारावास होता आणि त्यात शल्यविशारद व वैद्य एकाच पायरीवर उभे होते. त्या दिवशी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ही मर्यादा ५ वर्षे केली. वैद्यकीय प्रक्रियेच्या वेळी मृत्यू घडल्यास नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकास मात्र २ वर्षेच ठेवली. परंतु 'नोंदणीकृत' कोण? स्पष्टीकरणानुसार, ज्याची पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खाली मान्य आहे आणि ज्याचे नाव त्या कायद्याखालील नोंदवहीत आहे, तोच. आपली पदवी व नोंदणी २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोग कायद्याखाली येते. शब्दशः वाचल्यास आपण त्या सवलतीबाहेर पडतो. शासनाने रीतसर नोंदलेला वैद्य कायद्याच्या लेखी वैद्यक व्यावसायिक नाही काय?

ही विषमता दूर करण्यासाठी संघटनेने केंद्र शासनाकडे लेखी मागणी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच प्रत्येक जिल्हा शाखेने एका वकिलाचा सल्ला उपलब्ध ठेवावा आणि वार्षिक अधिवेशनातील एक सत्र या विषयास द्यावे. दाद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्याचा राग नको. आपण एवढेच करावे : नोंदी नेमक्या ठेवाव्यात, आणि कागद येताच त्यावरील न्यायासनाचे नाव व तारीख प्रथम वाचावी. निदान चुकले तर उत्तम औषधही वाया जाते, हे आपणांस कोणी सांगावयास नको.