बुडीत प्रयोगांचा ताळेबंद

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या जीवशास्त्र विभागांत एक रीत चांगली रुळली आहे. वर्षातून एकदा सारा विभाग आवार सोडून दोन-तीन दिवस डोंगरात किंवा समुद्रकाठी मुक्कामाला जातो. ‘रिट्रीट’ म्हणतात याला. तिथे बोलतात ते मुख्यतः पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि नामवंत प्राध्यापक समोर बसून ऐकतात. आपल्याकडच्या काही संशोधन संस्थांनीही ही रीत उचलली आहे.

हिशेबतपासनीस विचारील, एवढा खर्च करून पदरात काय पडले? तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे माझ्याही मनात आधी हाच प्रश्न येतो. उत्तर मात्र मला बँकांच्याच इतिहासात सापडते.

१९९१ साली नरसिंहम समितीचा अहवाल आला. तोवर परतफेड थांबलेल्या कर्जावरचे व्याजसुद्धा उत्पन्न म्हणून दाखवले जाई. ताळेबंद देखणा आणि आतून पोखरलेला. १९९२-९३ पासून थकीत कर्ज थकीत म्हणून दाखवणे आणि त्यासाठी तरतूद करणे भाग पडले. कित्येक सरकारी बँका एकदम तोट्यात दिसू लागल्या. तोटा आधीही होताच. तो फक्त कागदावर आला.

विज्ञानात हा निकष अजून पुरता रुजलेला नाही. नियतकालिके सहसा यशस्वी प्रयोग छापतात. फसलेला प्रयोग वहीत राहतो आणि दुसऱ्या शहरातला विद्यार्थी त्याच खड्ड्यात दोन वर्षे घालवतो. २०१२ साली ‘नेचर’मध्ये ग्लेन बेग्ली आणि ली एलिस यांनी लिहिले की, ॲमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगविषयक ५३ गाजलेली संशोधने पडताळून पाहिली, तेव्हा फक्त ६ कसोटीला उतरली. बाकीची ४७ खोटी होती असे नव्हे. पण त्यांच्या भरवशावर पुढचे कर्ज द्यावे, अशी ती खाती नव्हती.

मुक्कामाचे मोल इथे आहे. छापता येत नाही ते चहाच्या टेबलावर सांगता येते. १९३१ पासूनची परंपरा सांगणाऱ्या गॉर्डन परिषदांत ऐकलेले परवानगीवाचून बाहेर उद्धृत करायचे नाही असा नियम आहे, आणि दुपार मुद्दाम मोकळी ठेवतात. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या जीवशास्त्रज्ञांनी १९७५ साली महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्राची चर्चासत्रे सुरू केली. गावापासून दूर, एकत्र राहून बोलण्याचे मोल त्यांनाही ठाऊक होते.

पण या मुक्कामाचे प्रदर्शन झाले, उत्कृष्ट भाषणाला बक्षीस लागले आणि पाहुणे पहिल्या रांगेत बसले, की मुले पुन्हा देखणा ताळेबंदच घेऊन येणार. आपल्याकडे अडचण आणखी मोठी. प्रबंधावर सही मार्गदर्शकाची, शिफारसपत्रही त्यांचेच. ‘सर, जमले नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. शिष्यवृत्तीची मुदत साधारणपणे पाच वर्षे. २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, अधिक घरभाडे. हा जनतेचा पैसा आहे, आणि वाया जाणारी वर्षे त्या मुलांची आहेत. लपवलेल्या अपयशाची किंमत दोघेही मोजतात.

कादंबरीकाराची फाडलेली पाने कुणाच्या उपयोगाची नसतात. संशोधकाची असतात. म्हणून अशा प्रत्येक मुक्कामात एक सत्र फसलेल्या प्रयोगांसाठी राखावे. त्याला बक्षीस नको, गुण नकोत. आणि त्यात पहिले भाषण विद्यार्थ्याने करू नये, विभागप्रमुखांनी करावे. शाखेत थकीत खात्यांची यादी व्यवस्थापकाने स्वतः पुढे ठेवली, की कारकुनांच्या खणातल्या याद्याही हळूहळू बाहेर येत, हे मी पाहिले आहे.